समुद्रावरच्या नोकरीचं पत्र

मी ज्या टेबलाशी बसते तिथून समुद्र दिसत नाही. समुद्रातल्या पवनचक्क्यांवर काम करते म्हटलं की गावाकडच्या लोकांना वाटतं, ही दिवसभर लाटा बघत बसत असेल. माझ्यासमोर असतात पडदे. प्रत्येक चक्कीचा एक हिरवा चौकोन, त्यात वाऱ्याचा वेग, पात्यांचे फेरे, आतल्या यंत्राचं तापमान. एखादा चौकोन पिवळा झाला की काय बिनसलं ते मी बघते आणि बोटीवरच्या माणसांना कळवते. युरोपातल्या उत्तरेकडच्या एका थंड किनाऱ्यावरचं हे ठिकाण. चक्क्या किनाऱ्यापासून इतक्या आत आहेत की स्वच्छ हवेतही पाण्यात काड्या रोवल्यासारख्या दिसतात. त्यांची वीज समुद्राच्या तळाखालून केबलनं जमिनीवर येते आणि या किनारपट्टीतली गावं, बंदर, कारखाने तिच्यावर चालतात.

ही नोकरी मी शिकून मिळवली आहे. तरी इथे माझा भाऊ असायला हवा होता, माझ्या कितीतरी वर्षं आधी. तो नाही, याचं कारण मी आहे.

आमचं घर अर्धापूरजवळ, शेतात केळी. वडील मी दहावीत असताना गेले. दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. त्यानं नांदेडला आयटीआयमधून वायरमनचं केलं होतं. वडील गेल्यावर तो शेतीच बघेल असं सगळे धरून चालले होते. पण त्याला लातूरच्या पुढे माळावर उभ्या राहणाऱ्या पवनचक्क्यांवर काम मिळालं, आणि शेत आई आणि चुलते मिळून बघू लागले. दादा लातुरात खोली करून राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी एसटीनं घरी यायचा.

आईला ते काम मुळीच आवडलं नव्हतं. केळी करणाऱ्याच्या घरात वाऱ्याचं नाव चांगलं नसतं. बागेभोवती आमच्याकडे शेवरीची दाट रांग लावलेली होती, ती वारा अडवायलाच. तरी घड भरलेली झाडं एखाद्या सांजेला आडवी व्हायची. आई म्हणायची, "जग वाऱ्याला शिव्या देतंय, अन् माझा पोरगा त्याची वाट बघतो."

दादा मला एकदा माळावर घेऊन गेला होता. मी तेव्हा विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, इलेक्ट्रिकलला. त्यानं कमरेचा पट्टा बांधला, हूक तपासले, आणि टॉवरच्या आतल्या शिडीनं वर गेला. मी खाली उभी. बऱ्याच वेळानं फार उंचावर एक ठिपका बाहेर आला आणि हात हलवू लागला. खाली आला तेव्हा घामानं निथळत होता आणि हसत होता. माझा हात धरून त्यानं टॉवरच्या पत्र्यावर ठेवला.

"कानानं नको ऐकू," तो म्हणाला. "तळहात ठेव. आतलं बेअरिंग खराब व्हायला लागलं की आधी हाताला कळतंय. कानाला लई उशिरा."

मला काहीच कळलं नाही. नुसती थरथर लागली. पण कॉलेजात जे मी फळ्यावर शिकत होते ते याला हातानं येत होतं, याचं मला त्या दिवशी कौतुक वाटलं. आणि खरं लिहायचं ठरवलंच आहे तर हेही लिहिते, की थोडं खुपलंही.

मी शेवटच्या वर्षाला असताना दादाच्या कंपनीत परदेशातली माणसं आली. त्यांना समुद्रात उभारलेल्या चक्क्यांवर काम करायला तयार हाताची माणसं हवी होती. माळावरच्या सगळ्या टोळीची त्यांनी परीक्षा घेतली. वर चढायला लावलं, अंधाऱ्या जागेत नट-बोल्ट खोलून परत बसवायला लावले. लातूरच्या टोळीतून दोघांना निवडलं, त्यात दादा होता. पत्र ईमेलनं येणार होतं. दादाचं ईमेल मीच काढून दिलेलं, पासवर्डही माझ्याकडेच.

पत्र आलं त्या दिवशी मी नांदेडात एका झेरॉक्सच्या दुकानात त्याची प्रत काढली. तीन पानं होती. विष्णुपुरीच्या सिटीबसमध्ये उभ्याउभ्या मी ती दोनदा वाचली. करार दोन वर्षांचा. राहायचं समुद्रातल्याच एका मोठ्या जहाजावर. जायच्या आधी प्रशिक्षण: हेलिकॉप्टर समुद्रात पडलं तर सुटता यावं म्हणून तशाच आकाराच्या पिंजऱ्यात बसवून तो पिंजरा पाण्यात उलटा करणार, आणि त्यातून स्वतः बाहेर यायचं. दहा दिवसांत होकार कळवायचा. आणि तिसऱ्या पानावर, मधोमध एक ओळ: सहा आठवडे काम झालं की सहा आठवडे घरी सुट्टी, जाण्यायेण्याचं विमानाचं तिकीट कंपनीचं.

त्या रविवारी दादा घरी आला. आई ओसरीवर सुपात तुरीची डाळ पाखडत होती. दादा हातपाय धुऊन माझ्यासमोर मांडी घालून बसला.

"वाच, बाई. सगळं वाच. चांगलं बी अन् वाईट बी," तो म्हणाला. "इंग्रजी तुझं, चढायचं माझं."

मी वाचू लागले. एकेक वाक्य इंग्रजीत वाचायचं आणि मराठीत सांगायचं. दोन वर्षं हे मी सांगितलं. जहाजावर राहायचं हे सांगितलं. उलट्या पिंजऱ्याचं तर मी नीट समजावून सांगितलं, पाणी किती थंड असतं तेही माझ्या पदरचं घातलं. आईचे हात थांबले.

"म्हंजे दोन साल पाण्यातच?" तिनं विचारलं. "मधी घरी येऊ देतेत का न्हाई?"

माझ्या हातात तिसरं पान होतं. ओळ माझ्या अंगठ्याजवळच होती. मी पानाकडे बघितलं, जणू शोधतेय असं, आणि म्हणाले, "तसं काही लिहिलेलं नाही."

एवढंच. दादानं विचारलं, "नक्की न्हाई?" मी म्हणाले, "असतं तर सांगितलं नसतं का?"

असं का केलं, हे त्यानंतर मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. सुरुवातीला मी स्वतःशी म्हणायचे की मला त्याची काळजी वाटली, पाणी, उंची, परका मुलूख. हे खरं नव्हतं. खरं असं होतं की दादा गेला की डिग्री हातात पडताच मला घरी यावं लागणार होतं. चुलत्यांनी आईला तसं बोलूनही दाखवलं होतं: पोरगा तिकडं गेला तर पोरीला घरी आणा, आईजवळ कोणीतरी पाहिजे, आणि हदगावकडचं एक स्थळ आहे, तेही उरकून घेऊ. माझ्या वर्गातल्या मुली पुण्याच्या नोकऱ्यांची तयारी करून राहिल्या होत्या. मला पुण्याला जायचं होतं. आणि त्याच्याखाली आणखी एक गोष्ट होती, ती लिहायला जड जातं. इंजिनिअर मी होणार होते. परदेशी जायचं तर घरातून पहिली मी जाणार, असं मी मनाशी धरलं होतं. आणि पत्र आलं ते वायरमनला.

दादा दोन दिवस घरातच होता. बागेत गेला, केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कापली, ठिबकच्या नळ्या बघितल्या. मंगळवारी सकाळी निघताना म्हणाला, "न्हाई म्हणून लिही, बाई. दोन साल आईला असं सोडता येत न्हाई. मधी यायला भेटलं असतं तर गोष्ट येगळी होती."

मी त्याच्यासमोर फोनवर तीन ओळींचं उत्तर लिहिलं आणि पाठवलं. चांगलं इंग्रजी होतं ते. आभार मानलेले होते.

दुसरा निवडलेला माणूस गेला. तो निलंग्याकडचा होता, दुसऱ्या पाळीतला. गेल्यावर त्याचा आणि दादाचा संपर्क राहिला नाही, नाहीतर हे सगळं तेव्हाच उघड झालं असतं. मी त्या काळात रोज घाबरून असायचे. मग हळूहळू घाबरणं कमी झालं. मला पुण्यात नोकरी लागली, पवनचक्क्यांवर नजर ठेवणाऱ्या एका कार्यालयात. हदगावचं स्थळ बारगळलं. दादाचं लग्न झालं. वहिनी उदगीरकडची, शांत, हसरी. तिनं आईला आणि घराला सांभाळलं. दादा माळावर चढत राहिला, आठवड्यातून बऱ्याचदा, उन्हाळ्यात टॉवरच्या आत भट्टी व्हायची तरीही.

नऊ वर्षांनी इथल्या कंपनीनं माझी व्हिडिओवर मुलाखत घेतली. त्यांनी विचारलं, गिअरबॉक्सचं बेअरिंग खराब होतंय हे मोजमापाच्या यंत्रांशिवाय तुम्हाला कसं कळेल? मी म्हणाले, हात ठेवून. कानाच्या आधी तळहाताला कळतं. पडद्यावरचे तिघेही एकमेकांकडे बघून हसले, खूश होऊन. त्यातला एक म्हणाला, हे पुस्तकात मिळत नाही. मी म्हणाले नाही की हे माझं नाही.

नोकरी लागल्याचं कळवलं तेव्हा दादानं आधी चक्क्या किती उंच आहेत ते विचारलं. मग म्हणाला, "लई झ्याक झालं. आपल्या घरातलं कोणीतरी समुद्रावर गेलं." त्याच्या आवाजात तिरकं काही नव्हतं. तोवर त्याचे गुडघे जायला लागले होते. डॉक्टरांनी शिडी बंद सांगितली. वर्षभरात त्यानं माळावरचं काम सोडलं आणि तो पूर्णवेळ केळीत आला.

पण चक्क्या त्याच्या डोक्यातून गेल्या नाहीत. दर रविवारी फोन केला की तो आधी यंत्राचं विचारायचा आणि मग माझी तब्येत. समुद्रात चक्की उभी कशी राहते, खाऱ्या हवेनं बोल्ट गंजत नाहीत का, वादळात पाती कशी वळवून ठेवता. मी सांगायचे. तो मधेच म्हणायचा, "थांब, थांब, हे परत सांग."

इथल्या कामात मला वर्षातून एक-दोनदा प्रत्यक्ष चक्कीवर जावं लागतं. पहिल्यांदा जायच्या आधी तोच उलटा पिंजरा माझ्याही वाट्याला आला. पाण्यात डोकं खाली झालं, नाकात पाणी गेलं, पट्टा सुटेना, आणि क्षणभर मला ओसरीवरची मी आठवले, किती रंगवून सांगत होते ते. मोजून काही सेकंदांत मी बाहेर आले. शिकवणाऱ्यानं टॉवेल दिला आणि कॉफी दिली. एवढंच होतं ते.

बोट चक्कीच्या पिवळ्या पायाला नाक टेकवून उभी राहते, आणि लाट वर आली की माणसानं शिडीवर पाय टाकायचा. वर जायला आत लिफ्ट आहे. शेवटची थोडी शिडी तेवढी चढायची. वरच्या खोलीत गेल्यावर मी दादाला व्हिडिओ कॉल लावला. त्याला समुद्र दाखवायला लागले तर म्हणाला, "समुद्र राहू दे. आधी ते ब्रेकचं दाखव. त्याच्या मागं काय हाय?" मी फोन फिरवत गेले. वहिनीही मागून डोकावत होती. दादाचा चेहरा इतका जवळ आला होता की पडद्यावर फक्त कपाळ आणि डोळे दिसत होते.

मग त्याला माझ्या मागे काम करणारा माणूस दिसला. फिलिपिन्सचा होता, दादाच्याच वयाचा. दादा म्हणाला, "हा तिथलाच का? का असाच बाहेरून आलेला? घरी कवा जातो?"

तो माणूस पुढच्या शुक्रवारी सहा आठवड्यांसाठी घरी जाणार होता. सकाळपासून बोटीवर तेच सांगत होता, मुलीसाठी काय घेतलं, बायकोसाठी काय घेतलं.

"इथलाच आहे," मी म्हणाले.

ते दुसरं खोटं. पहिल्याला मी तरुण होते, घाबरलेली होते, असं काहीबाही म्हणता येतं. दुसऱ्याला काय म्हणणार?

गेल्या वर्षी आई गेली. मला पोचायला उशीर झाला नाही, चार दिवस तिच्याजवळ बसायला मिळालं. तिच्या शेवटच्या सगळ्या वर्षांत दादा घरात होता, हे मी त्या चार दिवसांत मनाशी पुन्हा पुन्हा घोळवत होते. माझ्यामुळे आईजवळ मुलगा राहिला, असा एक हिशेब मी जुळवत आणला होता. त्यानं बरं वाटायचं, आणि मग जास्तच वाईट वाटायचं, कारण तिला विचारलं असतं तर वर्षातून सहा महिने घरी असलेला मुलगाही तिला चालला असता.

वर्षश्राद्धाला मी परत गावी गेले. घरी पाहुणे होते, चुलते होते, वहिनीच्या माहेरची माणसं होती. जेवणं झाल्यावर ओसरीवर पान-सुपारी चालली होती. वहिनीच्या भावानं माझ्या कामाचं विचारलं, आणि मग दादाकडे वळून म्हणाला, "दाजी, तुमालाबी बोलावणं आलतं म्हणे तिकडचं?"

"आलतं," दादा म्हणाला. "दोन साल पाण्यात राहा म्हणत होते, घराचं तोंड बघायचं न्हाई. आमच्या बाईनं सगळं पत्र उलगडून सांगितलं म्हणून बरं. न्हाई तर मी बिनवाचता सही केली असती अन् अडकलो असतो. ही शिकली, तिचा पहिला फायदा मला झाला."

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. चुलते म्हणाले, "हाव, पोर हुशारच." मी उठून भांडी उचलायला आत गेले. वहिनी म्हणाली, ताई, राहू द्या की. मी ऐकलं नाही. मोरीत बसून भांडी घासत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा बागेत होता. भरलेल्या घडांच्या झाडांना तो दोऱ्या बांधत होता, एका झाडाला ओढून दुसऱ्याला. गुडघा वाकत नव्हता म्हणून एक पाय लांब ठेवून. मी जवळ गेले आणि दोरीचं दुसरं टोक धरलं.

"दादा, त्या पत्रात सुट्टीचं लिहिलेलं होतं," मी म्हणाले.

तो गाठ मारत होता. "कोणत्या पत्रात?"

"तुझ्या. सहा आठवडे काम, मग सहा आठवडे घरी. तिकीट कंपनीचं. आईनं विचारलं तेव्हा ती ओळ माझ्यासमोर होती. मी वाचली नाही."

त्यानं गाठ पूर्ण केली. ओढून बघितली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "कोणत्या पानावर होती?"

"तिसऱ्या."

"तुला दिसली न्हाई, का वाचली न्हाई?"

"वाचली नाही. मुद्दाम."

"कामून?"

मी सांगितलं. पुणं, हदगावचं स्थळ, आणि ते शेवटचंही, की तो माझ्याआधी जातोय हे मला सहन झालं नाही. रडायचं नाही असं ठरवून आले होते, तेवढं पाळलं. तो ऐकत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, "सहा हप्ते तिकडं अन् सहा हप्ते इकडं." जसं एखादं मोजमाप पाठ करावं तसं. "मग मी गेलो असतो, बाई."

"माहीत आहे मला."

"मला इतकंच म्हणली असतीस, की दादा, मला पुण्याला जायचंय. मी चुलत्याला गप केलं असतं. एखादी बाई ठेवली असती आईजवळ. तुला घरी बसू दिलं असतं का मी?"

तेव्हा मला हे सुचलंच नव्हतं, की त्याला नुसतं सांगता येतं. तो पुढच्या झाडाकडे गेला. मी दोरीचं टोक घेऊन मागे गेले, तर म्हणाला, "राहू दे. मी बांधतो."

त्यानंतरचे चार दिवस तो माझ्याशी बोलला, पण पाहुण्याशी बोलावं तसं. जेवलात का. गाडी कधीची आहे. दादा मला जन्मात कधी अहो-जाहो बोलला नव्हता. वहिनीला काही माहीत नव्हतं, तिला वाटलं वर्षश्राद्धाचं दुःख आहे. नांदेड स्टेशनवर सोडायला तो आला, बॅग डब्यात ठेवली, खिडकीशी उभा राहिला, आणि गाडी हलायच्या आधीच मागे फिरला. गुडघ्यामुळे जिना हळू चढावा लागतो त्याला.

इकडे आल्यावर मी रविवारचा फोन चालू ठेवला. तो यंत्राचं विचारत नाही. एकदा मीच सांगायला गेले, की नवी पाती आली आहेत, पूर्वीपेक्षा लांब, तर म्हणाला, "ते आता तुमचं काम," आणि फोन वहिनीला दिला.

मधे त्यानं एकदा वहिनीकडून निरोप पाठवला, ते पत्र असलं तर पाठव. माझ्याकडे ईमेल होतं. मी पाठवलं. काही दिवसांनी वहिनीनं सांगितलं की त्यानं त्याची प्रत काढली, आणि अर्धापूरच्या शाळेतल्या एका मास्तरांकडे बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेतली. दोनदा. घरी येऊन चहा पिऊन बागेत गेला.

वहिनीला आता सगळं कळलं आहे. त्यानं सांगितलं का तिनं विचारलं, मला माहीत नाही. तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही, उलट मागच्या फोनवर विचारलं, "दिवाळीला येताय ना?"

मी म्हणाले, दादाला विचारा.

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. दूरवर दोघांचं बोलणं चाललेलं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. बराच वेळ गेला. मग वहिनी परत आली आणि म्हणाली, "'या' म्हणून राहिलेत."

त्याच दुपारी मी सुट्टीचा अर्ज दिला आणि तिकीट काढलं.